२२ जून १८९७: दिनविशेषाच्या फळ्यासमोर विचारले जाणारे प्रश्न

आमच्या पेठेतल्या वाचनालयाच्या दारात एक फळा आहे. गेली अकरा वर्षं रोज सकाळी मी त्यावर दिनविशेष लिहिते. एरवी लोक जाता जाता नजर टाकतात आणि वर्तमानपत्रांच्या टेबलाकडे वळतात. २२ जूनला मात्र फळ्यासमोर थांबतात, विचारतात, कधी वादही घालतात. तेच ते प्रश्न दरवर्षी येतात म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

२२ जून १८९७ ला पुण्यात नेमकं काय घडलं?

मंगळवार होता. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाली म्हणून गणेशखिंडीतल्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये मोठी मेजवानी होती. मध्यरात्रीच्या सुमाराला पाहुण्यांच्या घोडागाड्या परत निघाल्या. पुण्याच्या प्लेग समितीचा अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड एका गाडीत होता, मागच्या गाडीत लेफ्टनंट आयर्स्ट. गणेशखिंड रस्त्यावर दबा धरून बसलेल्या दामोदर हरी चापेकर यांनी मागून गाडीवर चढून रँडवर गोळी झाडली. त्यांचे धाकटे भाऊ बाळकृष्ण यांनी आयर्स्टवर झाडली.

म्हणजे रँड २२ जूनला मारला गेला?

नाही. ही चूक इतकी रुळली आहे की मीही पहिल्या वर्षी तीच केली होती. 'रँडचा वध' असं लिहून मोकळी झाले. अकराच्या सुमाराला रोज येणारे एक आजोबा फळ्यासमोर उभे राहिले, खिशातून रुमाल काढला, 'वध' हा शब्द पुसला आणि खडू माझ्या हातात देत म्हणाले, "बाई, गोळी बावीसची. माणूस गेला तीन जुलैला." ते बरोबर होते. आयर्स्ट जागीच गेला, रँड ससून रुग्णालयात अकरा दिवस झुंजत होता आणि ३ जुलैला मरण पावला. तेव्हापासून मी 'गोळ्या झाडल्या' असंच लिहिते.

मध्यरात्र उलटली असेल तर तारीख २३ नको का?

घड्याळाच्या हिशेबाने हा प्रश्न रास्त आहे. गाड्या निघाल्या तेव्हा बारा वाजून काही मिनिटं झाली होती, असं वृत्तांतांत येतं. पण सगळीकडे नोंद २२ ची झाली, कारण सोहळा बावीसचा आणि रात्रही बावीसचीच. आपल्याकडच्या जुन्या रीतीनेही वार सूर्योदयाला बदलतो, बारा वाजता नाही. तेव्हा २२ लिहिण्यात वावगं काही नाही.

तिथीने पाहायचं तर शके १८१९ चा ज्येष्ठ, वद्य पक्ष. शिवराज्याभिषेकाची तिथी ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी. ती जेमतेम दहा दिवसांपूर्वी होऊन गेली होती आणि पुण्यात तिचा उत्सवही झाला होता. हे लक्षात ठेवा, टिळकांच्या खटल्यापाशी पुन्हा लागेल.

रँड पुण्यात आला कशासाठी?

प्लेगसाठी. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला प्लेग उघडकीला आला आणि थोड्याच दिवसांत पुण्यात पोचला. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत निम्मं शहर गाव सोडून गेलं होतं. ४ फेब्रुवारीला साथरोग कायदा झाला. साताऱ्याला असिस्टंट कलेक्टर असलेल्या रँडला पुण्यात आणून खास समिती नेमली. अध्यक्ष रँड, डॉक्टर म्हणून सर्जन कॅप्टन बेव्हरिज. सैन्याच्या तुकड्यांवर डरहॅम लाइट इन्फन्ट्रीचा मेजर पॅजेट होता. अधिकारी आणि शिपाई मिळून ८९३ माणसं त्यांच्या हाताखाली होती. १३ मार्च ते १९ मे अशा या झडत्या चालल्या.

म्हणजे २२ जूनच्या रात्री झडत्या बंद होऊन महिना उलटला होता. राग ओसरला नव्हता.

घरझडतीत एवढं काय होत असे?

मुलं हा प्रश्न हमखास विचारतात. 'अत्याचार' या एका शब्दातून त्यांच्या डोळ्यांसमोर काहीच उभं राहत नाही. त्यांना मी वाड्यात नेते, मनाने.

सकाळची वेळ. दिंडीदरवाजा ठोठावला जातो. बुटांसकट सोजीर, म्हणजे गोरे शिपाई, आत येतात. सोबत एखादा स्थानिक गृहस्थ असतो, दुभाष्या म्हणून. सोजीर चौक ओलांडून माजघरात जातात, तिथून स्वयंपाकघरात, तिथून देवघरात. ज्या चुलीपाशी घरातला पुरुषसुद्धा सोवळ्याशिवाय जात नाही तिथे बूट. बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत कंदील. घरातल्या सगळ्यांनी अंगणात उभं राहायचं, काखा आणि जांघा दाखवायच्या, कारण प्लेगची गाठ तिथे येते. बायकांनाही यातून सूट नाही. कुणाला ताप आहे असं वाटलं की त्याला प्लेगच्या इस्पितळात न्यायचं आणि घरच्यांना स्वारगेटजवळच्या विलगीकरण छावणीत. मागे राहिलेल्या घरातली अंथरुणं, कपडे, लाकडी सामान बाहेर काढून जाळायचं. जमीन उकरायची, भिंतींना चुना मारायचा. प्रेत परवानगीशिवाय हलवायचं नाही.

छावणीतून आठ-दहा दिवसांनी परत आलेल्या माणसाला घर सापडायचं ते पांढरं आणि रिकामं. पंडिता रमाबाईंनीही सरकारच्या या व्यवस्थेतल्या बायकांच्या हालांवर वर्तमानपत्रात लिहिलं होतं आणि रमाबाई काही इंग्रजद्वेष्ट्या नव्हत्या.

रँडच्या समितीचं म्हणणं वेगळं होतं. स्त्रियांचा हेतुपुरस्सर अपमान झाल्याची विश्वासार्ह तक्रार आमच्याकडे आली नाही, असं समितीने अहवालात समाधानाने नोंदवलं आहे. तक्रार कुणाकडे करायची होती? ज्याने बूट घातले होते त्याच्याकडेच.

पण प्लेग खरा होता ना? कडक उपाय नकोत का?

खरा होता आणि भयंकर होता. २०२० नंतर हा प्रश्न फार वेगळ्या सुरात विचारला जातो. मास्क लावलेला एक तरुण मला म्हणाला होता, "मावशी, मला तर थोडा रँड पटायला लागलाय." त्याचं बोलणं मी उडवून लावलं नाही.

रोगजंतू माहीत होता. अलेक्झांडर येर्सिनने तो १८९४ मध्ये हाँगकाँगला शोधला होता. पण रोग उंदरांवरच्या पिसवांतून माणसात येतो हे पॉल-लुई सिमाँने दाखवलं ते १८९८ मध्ये, म्हणजे रँड गेल्यावर एका वर्षाने. त्यामुळे १८९७ च्या मार्चमधला सरकारी माणूस घाणीशी, हवेशी, कपड्यांशी, माणसांशी लढत होता. पिसू त्याच्या यादीत नव्हती. जमीन उकरली की उंदीर शेजारच्या घरात जायचे.

लसही तयार होत होती. वाल्देमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ ला मुंबईत ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे हिंदुस्थानात लाखो लोकांनी ती घेतली. धाकाने नव्हे, समजावून आणि परिणाम पाहून.

माझं मत विचाराल तर विलगीकरण हवंच होतं. सैन्य नको होतं. टिळकांचीही भूमिका साधारण हीच होती, हे अनेकांना ठाऊक नसतं. रोग्याला वेगळं ठेवावं, घरं स्वच्छ करावीत, याला 'केसरी'चा विरोध नव्हता. शहरातले पुढारी गाव सोडून पळाले तेव्हा टिळक पुण्यात थांबले, झडतीच्या तुकड्यांबरोबर हिंडले, हिंदू रुग्णांसाठी इस्पितळ उघडायला पुढे झाले. विरोध होता तो पद्धतीला. पुढे १९०३ मध्ये प्लेगनेच त्यांचा थोरला मुलगा विश्वनाथ गेला.

'गोंद्या आला रे आला' हे खरं आहे का?

'गोंद्या' हा ठरलेला खुणेचा शब्द होता. रँडची गाडी ओळखून इशारा द्यायचा तो याच शब्दाने. लोकांच्या तोंडी तो वाढत गेला आणि आज तर वर्गात उशिरा येणाऱ्या मुलालाही उद्देशून म्हणतात.

आयर्स्टचा काय दोष होता?

तो रँडबरोबरचा लष्करी अधिकारी होता. बाळकृष्ण यांची गोळी त्याला लागली. रँडविषयी लोकांच्या मनात जे होतं ते आयर्स्टविषयी असण्याचं कारण नव्हतं. त्याचं नाव मी फळ्यावर गाळत नाही. काही जणांना ते आवडत नाही.

या प्रकरणात टिळकांना शिक्षा झाली ती खुनाच्या कटाबद्दल का?

नाही, आणि इथे सर्वांत जास्त गोंधळ आहे. त्यांच्यावर आरोप होता राजद्रोहाचा, कलम १२४-अ. तोही रँडवरच्या हल्ल्यानंतर लिहिलेल्या लेखांबद्दल नव्हे. 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' हा गाजलेला अग्रलेख जुलैचा. खटला झाला तो १५ जूनच्या 'केसरी'तल्या मजकुरावर, म्हणजे गोळीच्या आठवडाभर आधीच्या. शिवराज्याभिषेकाच्या उत्सवातली भाषणं आणि शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली कविता त्यात छापली होती. अफझलखानाच्या वधाचं समर्थन हे रँडच्या खुनाला चिथावणी ठरलं, असा सरकारचा रोख.

२७ जुलैला त्यांना मुंबईत अटक झाली. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्युरीला कायदा समजावताना कलमातल्या 'अप्रीती' या शब्दाचा अर्थ 'प्रीतीचा अभाव' असा लावला. सरकारवर प्रेम नसणं हाच गुन्हा! ज्युरीत नऊ जण होते. सहा युरोपियनांनी दोषी म्हटलं, तिघा हिंदी सदस्यांनी निर्दोष. १४ सप्टेंबरला अठरा महिने सक्तमजुरीची शिक्षा झाली. मॅक्स म्युलर यांच्यासारख्या विद्वानांनी विलायतेत अर्ज केला आणि ६ सप्टेंबर १८९८ ला, शिक्षा पुरी होण्याआधी, टिळक सुटले.

चापेकरांशी त्यांचं नातं कसं होतं यावर फळ्यासमोर तावातावाने बोललं जातं. कोर्टात कटाचा आरोप त्यांच्यावर कधीच ठेवला गेला नाही, एवढं मी सांगते आणि थांबते.

नातू बंधूंचं नाव मात्र लोक विसरतात. पुण्याच्या या दोघा सरदारांना १८२७ च्या जुन्या रेग्युलेशनखाली, खटला न चालवता, कैदेत टाकलं. शहरावर जादा पोलीस बसवले आणि त्यांचा खर्च पुणेकरांच्याच माथी मारला.

गोखल्यांनी माफी का मागितली?

गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारावर सोजिरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचं त्यांनी तिथल्या वर्तमानपत्रात सांगितलं. परत आल्यावर पुरावा द्यायला कुणी पुढे येईना. गोखल्यांनी जाहीर माफी मागितली आणि लोकांकडून खूप सोसलं. पत्रं लिहिणाऱ्यांची नावं त्यांनी सांगितली नाहीत. मला या सगळ्या प्रकरणात तो माणूस फार एकटा दिसतो.

द्रविड बंधू आणि खुन्या मुरलीधर यांचा काय संबंध?

मारेकऱ्यांची माहिती देणाऱ्याला सरकारने वीस हजार रुपयांचं बक्षीस लावलं होतं. द्रविड बंधूंनी दिलेल्या माहितीवरून दामोदर पकडले गेले. ८ फेब्रुवारी १८९९ च्या रात्री धाकटे वासुदेव चापेकर आणि महादेव रानडे यांनी द्रविडांना 'पोलीस ठाण्यात बोलावलंय' अशी थाप मारून घराबाहेर काढलं आणि सदाशिव पेठेत, खुन्या मुरलीधराच्या परिसरात गोळ्या घातल्या.

देवळाचं नाव यावरून पडलं असं पुष्कळ जण ठासून सांगतात. तसं नाही. देऊळ पेशवाईतलं, गद्रे सावकारांनी बांधलेलं. मूर्तीच्या स्थापनेच्या वेळी तिथे चकमक होऊन रक्त सांडलं, त्यावरून नाव पडलं. द्रविडांच्या आधी शंभर वर्षं तो मुरलीधर 'खुन्या'च होता.

फाशी कुणाला, कधी झाली?

दामोदर यांना १८ एप्रिल १८९८ ला, येरवड्याच्या तुरुंगात. वासुदेव यांना ८ मे १८९९, महादेव रानडे यांना १० मे, बाळकृष्ण यांना १२ मे. वासुदेव विशीही ओलांडलेले नव्हते. एका आईचे तीन मुलगे तेरा महिन्यांच्या आत गेले.

चापेकर सुधारकांच्या विरोधात होते म्हणतात. मग मुलांना काय सांगायचं?

जसं होतं तसं. चिंचवडचं हे कीर्तनकारांचं घर. दामोदर यांच्या स्वतःच्या लेखनात इंग्रजांवरचा राग आहे तसाच सुधारकांवरचाही आहे आणि तो लपवलेला नाही. सहावीतल्या एका मुलीने मला विचारलं होतं, "मग ते चांगले होते की वाईट?" मी तिला तारखा दिल्या, दामोदर यांच्या कबुलीजबाबाविषयी सांगितलं, झडत्यांविषयी सांगितलं आणि तिने स्वतः ठरवावं म्हटलं. तिच्या आईला ते पटलं नाही. मुलगी पुढच्या शनिवारी पुन्हा आली.

फळ्यावर याच दिवशी सावित्रीबाईंचं नाव का असतं? त्यांचा स्मृतिदिन तर १० मार्च.

बरोबर, १० मार्च १८९७. झडत्या सुरू झाल्या १३ मार्चला. मध्ये तीन दिवस. त्याच प्लेगात, त्याच शहरात, सावित्रीबाई मुलगा यशवंत यांच्या दवाखान्यात रुग्णांना आणत होत्या. हा दवाखाना हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात होता. मुंढव्याच्या गायकवाडांच्या पांडुरंग नावाच्या आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन तिथे पोचवलं. मुलगा वाचला. त्यांना लागण झाली.

साथीत माणसाला घराबाहेर काढून दवाखान्यात न्यायचं काम रँडही करत होता आणि सावित्रीबाईही. म्हणून २२ जूनला मी दोघांची नावं एका फळ्यावर लिहिते. काही वाचक रागावतात. मी पुसत नाही.

१८९७ चा तो कायदा आता नाही ना?

आहे. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने करोनासाठी जो साथरोग कायदा लागू केला तो हाच, ४ फेब्रुवारी १८९७ चा. त्याच वर्षी त्यात दुरुस्ती झाली आणि आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यांना कडक शिक्षा आली.

२२ जूनला जगात आणखी काय घडलं?

१६३३ मध्ये रोममध्ये गॅलिलिओला 'पृथ्वी फिरते' हे मत गुडघे टेकून मागे घ्यावं लागलं. १९४० मध्ये फ्रान्सने हिटलरच्या जर्मनीशी शस्त्रसंधी केली आणि बरोबर एक वर्षाने जर्मनीने सोव्हिएत युनियनवर हल्ला चढवला. १९८६ मध्ये मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध तो हाताचा गोल केला. अमरीश पुरी यांचा जन्म १९३२ चा, याच तारखेचा. फळ्याची जागा मर्यादित असते, त्यामुळे पुण्यात मॅराडोनाला दरवर्षी जागा मिळत नाही.

या घटनेच्या खुणा पुण्यात कुठे पाहता येतील?

पहिली जागा विद्यापीठ. मेजवानी झाली ते गव्हर्नमेंट हाउस म्हणजे आजची विद्यापीठाची मुख्य इमारत, उंच मनोऱ्याची. १९४९ मध्ये तिथे विद्यापीठ आलं, २०१४ मध्ये त्याला सावित्रीबाई फुले यांचं नाव मिळालं. तिथून गणेशखिंड रस्त्याने शहराकडे चालत या. घोडागाड्या याच रस्त्याने निघाल्या होत्या. आता वाहतूक इतकी असते की उभं राहायला जागा शोधावी लागते, म्हणून रविवारी सकाळी सातच्या आत जा.

दुसरी जागा चिंचवड. चापेकर चौक आणि तिथून जवळच चापेकर वाड्याचं स्मारक. तिसरी खुन्या मुरलीधर, सदाशिव पेठेत, तिथे नुसतं दर्शन घ्या आणि गल्ली बघा. रात्री नऊनंतर दुकानं मिटली की ती गल्ली किती अरुंद आहे ते कळतं.